शेवटची जाईपर्यंत

१

नाटक संपलं की प्रेक्षक पूल ओलांडून स्टेशनाकडे निघतात. ज्यांचं तेवढ्याने भागत नाही त्या बायका बाजूच्या गल्लीत वळतात. गल्लीत थिएटरचं मागचं दार आहे. राखाडी पत्र्याचं, वर एक ट्यूबलाइट, समोर सायकली लावायचे लोखंडी बार. रंग पुसून, कपडे बदलून नट्या इथूनच घरी जातात. नाटक मंडळी सगळी बायकांची. राजा बाई, दरोडेखोर बाई, राजकन्येला पळवून नेणारा शिपाईसुद्धा बाईच. आणि गेली कित्येक वर्षं तो राजा, तो दरोडेखोर आणि तो शिपाई म्हणजे तोवा सेकिने.

तोवाच्या चाहत्यांची रांग चिगुसा लावायची. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी बाई. दवाखान्यात तिचा आवाज समोरच्यालाही धड ऐकू जात नसे. गल्लीत मात्र तिने नुसती भुवई उचलली की सगळ्या बायका सुतासारख्या सरळ.

रांगेचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. ओरडायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, हात लावायचा नाही. दार उघडलं की रांगेची पुढारीण आधी उकिडवी बसणार, तिच्या मागोमाग सगळ्या एकदम, म्हणजे मागच्यांनाही दिसतं. मग पुढारीण पहिला शब्द उचलणार, "दमलात," आणि सगळ्या एका सुरात म्हणणार, "दमलात. सांभाळून जा." एकीमागून एक नट्या निघून जाणार. तोवा सर्वांत मोठी, म्हणून ती सर्वांत शेवटी. आणि एकदा बसलं की दारातून येणारी शेवटची नटी जाईपर्यंत पुढारिणीने उठायचं नाही. पायाला मुंग्या येवोत, पाऊस येवो, नाही म्हणजे नाही.

यातली गंमत अशी की जिच्यासाठी एवढा आटापिटा, तिचा चेहरा चिगुसाला गल्लीत कधी दिसतच नसे. खाली मान घालून बसलेल्या बाईला दिसणार काय, तर बूट. पण चिगुसाला चेहऱ्याची गरज नव्हती. फार पूर्वी तोवा रंगमंचावरच्या जिन्यावरून पडली होती आणि तेव्हापासून तिचा डावा पाय किंचित घसटायचा. टक, सर्र. टक, सर्र. रंगमंचावर ती ते असं काही लपवायची की कुणाच्या बापाला कळत नसे. गल्लीत आल्यावर लपवायचं सोडून द्यायची. तो आवाज आला की चिगुसाच्या जिवाला थंडावा वाटे. आपल्यासमोर तोवा काही लपवत नाही, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी दार उघडलं, चिगुसा बसली, रांग बसली. पावलं आली. टक, टक, टक, टक.

नवे बूट असतील, तिला वाटलं. तिने शब्द उचलला, "दमलात." रांगेने साथ दिली. तोवाला घेऊन गाडी गेली. बायका एकमेकींना वाकून नमस्कार करून पांगल्या, नेहमीपेक्षा जास्तच खुशीत. कुणाचं काही खाली राहिलं का हे पाहायला चिगुसा मागे थांबली, नेहमीसारखीच. एका बाईचा हातमोजा सापडला. तो उचलून ती वळली, तेवढ्यात दारामागच्या बोळात पावलं वाजली.

टक, सर्र. टक, सर्र.

दार हातभर उघडलं. कुणी बाहेर आलं नाही. मोकळ्या गल्लीकडे पाहत कुणीतरी उभं असावं इतका वेळ ते तसंच राहिलं आणि मग हळूच लागलं.

२

"सफाईवाली असेल," नवरा म्हणाला. "मॉप ओढत नेत असेल. टक, सर्र."

शुझो बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. सायकलीवरून तिला घराजवळच्या स्टेशनावर घ्यायला यायचा, तिची पिशवी हँडलला अडकवून दोघं चालत घरी यायची. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी रोज तो एक तरी विनोद करायचा आणि ती एकदाही हसायची नाही. हा त्यांचा संसार होता आणि दोघांनाही तो बरा वाटायचा.

"आणि मॉपला बूट असतात?" चिगुसाने विचारलं.

"तुझ्या त्या सवतीच्या थिएटरात काहीही असेल." त्याने तिच्यापुढे पर्सिमॉन फळाच्या फोडी सरकवल्या. साल न काढता. तिला सालासकट आवडायचं.

चिगुसाने टीव्ही लावला. तोवाची बातमी होतीच. गेला महिनाभर रोज असायची, कारण तोवा निवृत्त होत होती. वर्ष संपता संपता शेवटचा प्रयोग. वर्तमानपत्रातले फोटो, मासिकांचे खास अंक, नाटकाच्या चॅनेलवरच्या जुन्या मुलाखती, चिगुसा सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होती. तिला एकच गोष्ट करायची होती आणि ती तिने खूप आधी ठरवून ठेवली होती.

तोवा पडली तेव्हा पेपरवाल्यांनी लिहून टाकलं होतं, संपली म्हणून. ती इस्पितळात होती आणि तिच्या जागी दुसरी काम करत होती, तरी चिगुसाने रांग मोडू दिली नाही. नाटक संपलं की तोवाच्या रांगेतल्या बायका गल्लीत यायच्या, बाकीच्या नट्या निघून गेल्या की मोकळ्या दारासमोर "दमलात, सांभाळून जा" म्हणायच्या आणि घरी जायच्या. लोक हसले. चिगुसाने हसू दिलं. तोवा परतली त्या दिवशी ते घसटणारं पाऊल पहिल्यांदा आलं आणि चिगुसासमोर थांबलं. नट्यांनी थांबायचं नसतं. तोवा थांबली.

"शेवटच्या दिवशीही तुम्हीच असा," ती हळू आवाजात म्हणाली.

"असेन," चिगुसा म्हणाली होती. मान वर न करता.

ही गोष्ट तिने शुझोशिवाय कुणालाही सांगितली नव्हती. शेवटच्या दिवशी तोवाला त्या दारातून रीतसर निरोप द्यायचा, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं. लोकांना मुलं हवी असतात, घर हवं असतं. हिला हे हवं होतं.

टीव्हीवर मुलाखतकार तोवाला विचारत होता, "त्या अपघातानंतर पुन्हा उभं राहणं किती अवघड गेलं?"

तोवा हसली. सुरेख हसली. "कुठला अपघात? मला तर आयुष्यात कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. नशीबवान आहे मी."

मुलाखतकारही हसला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. चिगुसाच्या हातातली फोड तशीच राहिली.

३

"त्यांना ते उगाळायचं नसेल," ओगाता-सान म्हणाली. तोवाच्या चाहत्यांच्या मंडळात चिगुसानंतर हिचाच मान. उंच, नीटनेटकी, आणि पुढारीणपद आपल्याकडे कधी येतं याची सभ्यपणे वाट पाहणारी. "निरोपाच्या वेळी कोण रडगाणं गातं?"

"पण पाय? तुमच्या लक्षात आलं नाही?"

"बरा झाला असेल! आनंद माना की हो, चिगुसा-सान. तुम्हाला त्या लंगडतानाच आवडायच्या काय?"

हे बोलणं चिगुसाला झोंबलं, कारण त्यात थोडं खरं होतं. तिने तिकीट काढलं आणि खात्री करून घ्यायची म्हणून पुढच्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला जाऊन बसली. त्या जागेवरून पाय दिसतात.

नाटक आजवर झालं नव्हतं इतकं चांगलं झालं. हे मान्य करावंच लागेल आणि चिगुसानेही ते केलं. तोवा डाव्या पायावर गिरकी घ्यायची तेव्हा पूर्वी अर्धा क्षण आधी सुरुवात करायची, पाय सांभाळायला. आता करत नव्हती. शेवटी तो उंच जिना आला आणि तोवा वरपासून खालपर्यंत मान ताठ ठेवून, एकदाही पायाकडे न बघता उतरली. सगळं थिएटर रडत होतं. चिगुसाही रडली आणि रडताना तिला स्वतःची लाज वाटली, कारण तिच्या मनात आलं होतं की पूर्वीच्या तोवाला हे असं कधीच जमलं नसतं.

पडदा पडला. टाळ्या हळूहळू थांबल्या. लोक कोट चढवायला लागले आणि मध्येच एक क्षण असा आला की कुणीच काही आवाज करत नव्हतं.

पडलेल्या पडद्यामागे कुणीतरी जिना उतरत होतं. टक, सर्र. एक पायरी. टक, सर्र. दुसरी पायरी. सावकाश, कठड्याला धरून उतरल्यासारखं. चिगुसाने शेजारच्या बाईकडे पाहिलं. ती बाई पर्समध्ये रुमाल शोधत होती.

खालच्या पायरीवर येऊन ते थांबलं. आणि पडद्याच्या खालची कड, मध्यभागी, अगदी थोडीशी आत ओढली गेली. नट पडद्यामागे वाकून प्रेक्षकांना नमस्कार करतो तेव्हा कापड हलतं, तेवढीच.

४

चिगुसा घाबरट नव्हती. काउंटरमागे बसून तिने दाढ काढायला आलेले पहिलवान पळून जाताना पाहिले होते. घरी जाताना ती मनाशी कारणं जुळवत राहिली. तोवाच्या जागी वेळ पडल्यास काम करणारी मुलगी असेल, सराव करत असेल. जिना आवरणारे लोक असतील. पाय खरंच बरा झाला असेल. प्रत्येक कारण आपापल्या जागी ठीक होतं, पण सगळी मिळून एका पावलालाही पुरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, गाडी गेल्यावर, बायका पांगल्या तरी ती सायकलींच्या बारापाशी थांबून राहिली. पांगापांग झाल्यावर दारापाशी रेंगाळणं म्हणजे नटीला त्रास देणं. पुढारिणीनेच ते करावं म्हणजे कहर. ऊन उतरलं होतं. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून लागली.

टक, सर्र. टक, सर्र.

या वेळी दार पुरतं उघडलं. उंबऱ्यात एक उंच आकृती उभी होती, अंगात लांब कोट. एक हात चौकटीला. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर होती, त्यामुळे कपाळाखाली सगळी सावलीच होती. पण कोट चिगुसाने ओळखला. तोवा परतली त्या वर्षी मंडळाने दिलेला, कोपरापाशी रफू केलेला. ती आकृती जिथे रांग बसते त्या जमिनीकडे पाहत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेली. कुणीतरी असायला हवं होतं आणि नव्हतं, असं ते पाहणं होतं.

 "दमलात" हा शब्द चिगुसाने हजारो वेळा उच्चारला असेल, पण तो आता निघेना. पाय तेवढे निघाले. ती पुलापर्यंत पळत गेली. मागे दार लागल्याचा आवाज आला, आपटून नाही, हळूच.

स्टेशनावर शुझो नव्हता. असं कधी झालं नव्हतं. ती एकटीच चालत घरी आली. शुझो दारात उभा, हातात तिची नेहमीची पिशवी. तिने आपल्या खांद्याकडे पाहिलं. तिची पिशवी तिच्या खांद्यावर होती.

"पुन्हा कुठे गेली होतीस?" तो म्हणाला. "मघाशी तर आलो आपण. मी जरा मागे दोरीवरचे कपडे काढायला गेलो, तेवढ्यात तू गायब."

"मी आत्ता येतेय."

"बरं बाई, आत्ता येतेयस." त्याने पिशवी खुंटीला अडकवायला पाठ वळवली, आणि ती पुन्हा पाहते तो खुंटीवर काही नव्हतं आणि त्याचे हातही रिकामे होते. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

स्वयंपाकघरात टेबलावर बशी होती. पर्सिमॉन खाल्लेलं. सालं काढून, बशीच्या कडेला व्यवस्थित गोल रचून ठेवलेली. चहाचा कप विसळून पालथा घातला होता. चिगुसा कप कधीच लगेच विसळत नसे.

कपाला हात लावला तर तो अजून कोमट होता.

५

"काल? काल तुम्ही आमच्याबरोबरच आलात की स्टेशनापर्यंत," ओगाता-सान म्हणाली. "पुढे चालत होतात. वाटेत किती छान बोललात सगळ्यांशी! खरं सांगू, अलीकडे तुम्ही पूर्वीसारख्या खेकसत नाही."

चिगुसाला बसायला जागा हवी होती. गल्लीत बसायला जागा नसते.

मग तिने शांत डोक्याने विचार केला. वेड लागलं असेल तर लागलं, पण वेडालाही काही हिशोब असतो. दारातून आधी बाहेर येते ती चांगली नाचते, तिचा पाय दुखत नाही, ती कधी पडलेली नाही. रांग तिला बघून खूश होते. आणि रांगेने "सांभाळून जा" म्हटलं की ती गाडीत बसून तोवा सेकिनेच्या घरी जाते. ज्या दिवशी पहिल्यांदा ती सरळ पावलं आली, त्या दिवशी पहिला शब्द कुणी उचलला? मी. पावलं ऐकून, कळून, नवे बूट असतील म्हणून मी उचलला. आणि मागून येते ती, जी खरंच पडली होती, तिला निरोप द्यायला कुणी नसतं, म्हणून ती परत आत जाते. रोज. शेवटच्या दिवशीही जाईल. आणि त्यानंतर दारच उघडणार नाही.

तिच्यासाठी मागे राहायला हवं. पण मागे राहिलं की रांगेबरोबर घरी कोण जातं, हेही आता माहीत झालं होतं.

शेवटच्या प्रयोगाच्या सकाळी ती पांढरा कोट चढवत होती. निरोपाच्या दिवशी सगळी रांग पांढरी असते. शुझो दाढी करता करता थांबला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "तू स्टेशनावरून आलीस ना, मी तुला तो पेंग्विनचा विनोद सांगितला."

"कुठला?"

"तोच तर. तू हसलीस." त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "मनापासून हसलीस, दंडावर चापट मारून. पंचवीस वर्षं मी वाट बघत होतो. आणि मला कसंतरीच झालं गं. मी मुद्दामच कपडे काढायला म्हणून मागे गेलो."

चिगुसाने कोट तसाच अर्धवट ठेवला. मग तिने त्याला सगळं सांगितलं, पावलं, कोट, रांग, सगळं. तो मध्ये एकदाही विनोद करायला गेला नाही.

"नको जाऊस म्हटलं तर?" त्याने विचारलं.

"मी असेन म्हणाले होते."

"माहीत आहे." त्याने तोंड पुसलं. गालाला साबण राहिला होता. "मी स्टेशनावर येतो. नेहमीसारखा."

"अहो, पण मी कोणती ते तुम्हाला कळेल?"

"तू एकदा न हसता दाखव," शुझो म्हणाला, "म्हणजे कळेल."

ती हसली नाही. डोळे भरून आले होते ते तिने पुसलेही नाहीत.

६

त्या दिवशी गल्ली पुलापर्यंत पांढरी झाली होती. फुलं होती, पण कुणी बोलत नव्हतं. बाकीच्या नट्या एकेक करून गेल्या. आता फक्त तोवा राहिली होती. चिगुसा रांगेच्या पुढे उभी होती आणि तिने ठरवलं होतं: बसायचं नाही, शब्द उचलायचा नाही. पुढारीण बसली नाही तर रांग बसणार नाही. भर निरोपात हा केवढा अपमान, ओगाता-सान जन्मभर बोलणार नाही. न बोलू दे.

दार उघडलं. टक, टक, टक, टक.

चिगुसाने गुडघे ताठ ठेवले.

आणि तिच्या पाठीमागे सगळी रांग एका झोकात खाली बसली.

तिने वळून पाहिलं. ती कधी बाजूला सरकली होती तिला आठवत नव्हतं, पण तिची पाठ सायकलींच्या बाराला लागलेली होती. रांगेच्या पुढे, पुढारिणीच्या जागी, पांढऱ्या कोटातली एक ठेंगणी बाई उकिडवी बसली होती. केसांना चिगुसाची तपकिरी क्लिप. मान खाली, हात गुडघ्यांवर, बसण्यात कुठे खोट काढायला जागा नाही.

"दमलात," ती बाई म्हणाली. चिगुसाच्याच आवाजात, पण जरा गोड.

"दमलात. सांभाळून जा," रांग म्हणाली. कुणीतरी हुंदका दिला.

तोवा सेकिने फुलं घेऊन गाडीकडे निघाली. बारापाशी ती क्षणभर थांबली आणि तिने चिगुसाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत चिगुसा पहिल्यांदाच तो चेहरा इतक्या जवळून, मान वर करून बघत होती. सुंदर होता. त्यावर एकही सुरकुती नव्हती, आणि चुकीच्या ठिकाणी उभ्या असलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी सभ्य, ओळख नसलेली नजर होती. मग गाडीचं दार लागलं.

रांग उठली. बायका एकमेकींना नमस्कार करत, डोळे टिपत पुलाकडे निघाल्या. पुढे ती पांढऱ्या कोटातली बाई चालत होती आणि ओगाता-सान तिच्या दंडाला धरून काहीतरी सांगत होती. ती बाई हसली. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

चिगुसाला वाटलं, पळावं. अजून पुलावरच आहेत. आत्ता पळत गेलं, ओगाता-सानच्या अंगावर खेकसलं, तर कदाचित अजून जागा मिळेल रांगेत, ट्रेनमध्ये, घरात. शुझो सायकल घेऊन निघालाही असेल. तिचा जीव तिकडे ओढ घेत होता.

ती वळली. रिकाम्या गल्लीत, पायाखाली आलेल्या पाकळ्या बाजूला सारून, ती रांगेच्या पुढच्या जागेवर गेली आणि एकटीच उकिडवी बसली.

७

अंधार पडायला लागला. डिसेंबरात तो लवकरच पडतो. ट्यूबलाइट लुकलुकून लागली. दगडातली थंडी बुटांमधून वर चढत होती.

टक, सर्र. टक, सर्र.

दार उघडलं. तिने मान खालीच ठेवली. पावलं एक पायरी उतरली, दुसरी उतरली, तिच्यासमोर येऊन थांबली. तिला बूट दिसले. डाव्या बुटाची टाच आतल्या बाजूने पार झिजलेली होती.

"दमलात," चिगुसा म्हणाली.  रांगेचा आवाज असतो तिथे नुसती हवा होती, म्हणून पुढचंही तिनेच म्हटलं. "दमलात. सांभाळून जा."

 मग वरून, अगदी हळू, "तुम्हीच आहात."

"आहे," चिगुसा म्हणाली. मान वर न करता.

तिच्या खांद्यावर एक हात टेकला. हात लावायचा नसतो. तो हात जड होता आणि ऊबदार होता, आणि पाऊल टाकताना आधार घ्यावा तसा त्याने एकदा भार दिला. मग पावलं गल्लीतून निघाली. टक, सर्र. टक, सर्र. नदीच्या अंगाला वळली, पाण्याच्या आवाजात मिसळली आणि ऐकू येईनाशी झाली.  झालं. निरोप झाला, रीतसर झाला. आता उठायचं आणि स्टेशन गाठायचं.

तिने जमिनीवर हात टेकला आणि मग तिच्या लक्षात आलं की दार लागल्याचा आवाज आलाच नव्हता.

बोळात पावलं वाजत होती. हलकी, भरभर टाकलेली, ओळखीची नसलेली. त्यांच्या मागे आणखी कुणाची तरी, लाकडी चपलांची. आजकाल लाकडी चपला कुणी घालत नाही. त्यांच्याही मागे, बोळाच्या खोल टोकापासून, जिने उतरणारी, थांबणारी, पुन्हा निघणारी, किती ते कळू नये इतकी. कुणाला घाई नव्हती. पहिली पावलं उंबऱ्याशी येऊन थांबली आणि वाट पाहू लागली.

पिशवीत फोन थरथरला. चिगुसाने मान न उचलता तो बाहेर काढला. शुझोचा निरोप होता.

"एक जण उतरली. मला हात केला, पिशवी पुढे केली, हसलीसुद्धा. मी तिला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी स्टेशनावरच थांबलोय. किती वेळ लागेल?"

चिगुसाने दाराकडे पाहिलं नाही. उंबऱ्यातल्या पावलांच्या मागे कुणीतरी हलकेच खाकरलं, मागच्यांनी पुढच्यांना घाई करावी तसं नव्हे, नुसतं आपण आहोत हे कळवायला.

"उशीर होईल," तिने लिहिलं. "थांबा."

मग फोन पिशवीत टाकला, कोटाचा काठ गुडघ्यांखाली नीट केला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि शब्द उचलला.

"दमलात."